खांद्यावरचा हिशेब : खान्देशातील बैल, गाडी आणि वाट

खान्देशच्या इतिहासाच्या पुस्तकांत फारुकी सुलतान येतात, मोगलांचे बऱ्हाणपूर येते, पेशवाईच्या अखेरची धामधूम येते. मग इंग्रजी अंमल, कापूस आणि आगगाडी. या साऱ्या काळात एक प्राणी मुकाट्याने चालत असतो. धान्य, मीठ, कापूस, तंबूंचे सामान, तोफांचे गाडे, सारे ज्याच्या जिवावर इकडून तिकडे गेले, त्या बैलाला इतिहासात जागा मिळते ती 'दळणवळणाची साधने' या उपशीर्षकाखाली चार ओळींची.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. इतिहास हा माझा फावल्या वेळचा नाद. त्यामुळे मला पडणारे प्रश्न शिक्षकी वळणाचे असतात. त्या बैलाच्या खांद्यावर नेमके किती बळ येत होते? ते कशाने वाढायचे, कशाने कमी व्हायचे? आणि गेल्या दोनशे वर्षांत सडका झाल्या, लोखंडी धाव आली, रूळ आले, रबरी टायर आले, तेव्हा त्या खांद्यावरचा ताण खरोखर हलका झाला का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'फारसा नाही' असे आहे. ते तसे का, हे या लेखात मांडायचे आहे.

गाडीही बैलाला ओढते

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गतीचा तिसरा नियम समजावताना त्याने दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. घोडा दगडाला जेवढ्या बळाने पुढे ओढतो, तेवढ्याच बळाने दगड घोड्याला मागे ओढतो. हे उदाहरण मी वर्गात बैलगाडीवर नेऊन सांगत असे, आणि दर वर्षी कोणीतरी हमखास विचारी, "सर, दोन्ही बळे सारखीच, तर गाडी हलते कशी?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ही दोन बळे एकाच वस्तूवर नाहीत. बैलाचे बळ गाडीवर आहे, गाडीचे बळ बैलावर. गाडी हलेल की नाही हे पाहायचे तर फक्त गाडीवरची बळे मोजायची : पुढे जू ओढते, मागे माती, चाक आणि आख अडवतात. जुवाची ओढ जास्त झाली की गाडी सुटते. बैल हलेल की नाही हे पाहायचे तर फक्त बैलावरची बळे मोजायची : मागे जू ओढते आणि पुढे ढकलते ती जमीन. बैल खुराने जमिनीला मागे रेटतो, म्हणून जमीन त्याला पुढे रेटते. म्हणजे गाडी ओढणाऱ्या बैलाला खरा आधार असतो तो पायाखालच्या मातीचा. म्हणूनच तर सडकेवर चालणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्री मारतात, आणि चिखलात खूर घसरले की तगडी जोडीही हतबल होते.

हा आधार असला तरी बैलाच्या ताकदीला मर्यादा आहे. दिवसभर चालायचे असेल तर बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या बळाने ओढू शकतो. चारशे किलोचा बैल धरला तर चाळीस किलो, जोडी धरली तर ऐंशी. क्षणभराच्या हिसड्यात तो याच्या कितीतरी पट ओढ लावतो; पण तो हिसडा म्हणजे उधारी, लगेच फेडावी लागते. ऐंशी किलोच्या ओढीने जोडी ताशी साडेतीन-चार किलोमीटर चालली, तर हिशेबाने सुमारे एक अश्वशक्ती होते. जेम्स वॉटने वाफेच्या यंत्रासाठी ठरवलेल्या घोड्याच्या जागी आपली एक बैलजोडी ठेवायला हरकत नाही. पुढचा सारा हिशेब या 'ऐंशी किलो'भोवती फिरतो.

तांडा मागास नव्हता

आता इतिहासाकडे वळू. सतराव्या शतकात सुरतेहून आग्ऱ्याला जाणारी एक मोठी वाट खान्देशातून जात होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने तिचे टप्पे दिले आहेत : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, अशीही नोंद त्याने केली. त्याच ताव्हर्नियेने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, की गाडीवाल्या प्रवाशाला तो जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे.

हे तांडे लमाण-बंजाऱ्यांचे. धान्य एका दिशेने, मीठ दुसऱ्या दिशेने, आणि फौजांच्या मागे रसद. १८१८ नंतर खान्देशचा कारभार ज्याच्याकडे आला तो कॅप्टन जॉन ब्रिग्ज यालाही या लोकांचे कुतूहल होते. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ च्या पहिल्या खंडात बंजाऱ्यांवरचा त्याचा निबंध छापलेला आहे. ज्याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, त्याच अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर लिहावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. मीठ आणि धान्य कोण आणतो, हे ठाऊक असल्याशिवाय या मुलखात कारभार करताच आला नसता.

बैलाच्या पाठीवर ओझे फार तर शंभर ते दीडशे किलो. म्हणजे दोन बैलांवर दोनशे-तीनशे किलो. तीच जोडी चांगल्या सडकेवर गाडीला जुंपली तर हजार किलो माल नेते. मग हजारो बैलांच्या पाठी कशाला वापरायच्या? चाक ठाऊक नव्हते का?

चाक फार जुने आहे. खान्देशच्या दक्षिणेला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये कांस्याच्या वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे. चाके भरीव आहेत, बैलांच्या मानेवर जू आहे, मागे हाकणारा माणूस उभा आहे. ही वस्तू उत्तर हडप्पा काळाशी जोडली जाते. म्हणजे जू, धुरी आणि चाक या मुलखाच्या शेजारी हजारो वर्षे नांदत होते.

कमी होती ती वाटेची. चाकाचा फायदा चाकात नसतो. चाक आणि वाट या जोडीत असतो. हजार किलो वजन कठीण, खडी घातलेल्या सडकेवर ओढायला पंचवीस ते पस्तीस किलोचे बळ पुरते. सुक्या, घट्ट कच्च्या वाटेवर तेच पन्नास ते ऐंशी किलो होते. वाळूत किंवा भिजलेल्या काळ्या मातीत दीडशे ते अडीचशे. गाडीचे स्वतःचे वजन धरून तेराशे किलो झाले, तर सडकेवर जोडीला चाळीस किलो ओढावे लागतील, ती आरामात चालेल. कच्च्या वाटेवर शंभराच्या आसपास जाईल, जोडी धापा टाकेल. पावसाळ्यात अडीचशे-तीनशे, म्हणजे जोडीच्या ऐंशी किलोच्या तिप्पट-चौपट. गाडी जिथल्या तिथे. पाठीवर गोणी घेतलेला बैल मात्र चिखलातून, नाल्यातून, तापीच्या उंच दरडीवरून, सातपुड्याच्या पाऊलवाटेवरूनही जातो.

तेव्हा तांडा ही मागासलेपणाची खूण नव्हती. जिथे सडक नाही तिथे पाठच चाकापेक्षा स्वस्त पडते, हा अनुभवाने काढलेला निष्कर्ष होता. रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने १९७५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की पश्चिम आशियात चाकाची गाडी ठाऊक असूनही लोकांनी ती सोडली आणि उंटाची पाठ पत्करली. त्याच हिशेबाने आपल्याकडे तांडे टिकले.

उलाळ आणि धुरेजड

गाडी रोज हाकणाऱ्यांनी हे शास्त्र पुस्तकाविना जाणले होते. त्यांच्या शब्दांतच ते आहे. दुचाकी गाडीत माल आखाच्या मागे जास्त पडला की पुढचा भाग वर उचलतो. गाडी 'उलाळ' होते. मग जोते बैलाच्या गळ्याला खालून दाबते, श्वास कोंडतो. माल पुढे जास्त पडला तर गाडी धुरेला जड होते आणि जू मानेवर बसते. आख आणि जू यांत तीन मीटर अंतर असेल आणि हजार किलो मालाचा मध्य आखाच्या पुढे फक्त वीतभर, म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर सरकला, तर मानेवर सत्तर किलो वजन येते. हे वजन गाडी पुढे नेण्याच्या काही कामाचे नाही. ते नुसते सोसायचे. म्हणून चांगला गाडीवान माल भरून झाला की धुरी हाताने उचलून पाहतो. हाताला किंचित जड लागली पाहिजे, त्याहून जास्त नाही.

दोन बैल सारख्या ताकदीचे क्वचितच असतात. जू म्हणजे तराजूची दांडी. धुरी मधोमध बांधली तर दोघांवर सारखी ओढ. बांधणीची जागा दोन-चार बोटे तगड्या बैलाकडे सरकवली, की त्याची बाजू आखूड होते, त्याच्यावर जास्त ओढ येते आणि हलक्या बैलाला सवलत मिळते. तरफेचा हा नियम शाळेत आम्ही खडू-फळ्यावर शिकवतो. गाडीवानाने तो दोरीने बांधलेला असतो.

गाडी रुतली की लोक मागून साटा ढकलत बसत नाहीत, ते चाकाच्या वरच्या आऱ्यांना हात घालतात. जमिनीला टेकलेला चाकाचा बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि सारे चाक त्याभोवती फिरते. आखाशी लावलेल्या बळापेक्षा चाकाच्या माथ्याशी लावलेले बळ म्हणूनच दुप्पट उपयोगी पडते. आणि उताराला गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकामागे लाकूड बांधणारा माणूस घर्षणाला मित्र करून घेतो. जळगावच्या रथोत्सवात, १८७२ पासून, रथाच्या चाकाखाली मोगरी लावणारे नेमके हेच करतात. अवजड रथ थांबतो आणि वळतो तो त्या लाकडाच्या तुकड्यावर.

सडक आणि घाट

इंग्रजी अंमलात दोन गोष्टी बदलल्या : गाडी आणि वाट. दख्खनेत जुने गाडे भरीव चाकांचे, अवजड आणि मोजकेच होते. १८३० च्या दशकात जमीन मोजणीच्या कामावर असलेल्या गेसफर्ड या लष्करी अधिकाऱ्याने सोलापूर भागातील टेंभुर्णी येथे हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना घातला. आऱ्यांचे मोठे चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि शेतकऱ्याच्या एका जोडीला ओढवेल एवढा साटा, अशी ही गाडी पुढे दख्खनभर पसरली. चाक मोठे असले की खड्डा आणि दगड लवकर ओलांडतो. ओढ आणि चाकाचा व्यास यांचे नाते नेमके काय, यावर त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोरँ आणि द्युपुई हे दोन अभियंते प्रयोग करून वाद घालत होते.

वाटेचे काम मुख्यतः घाटांत झाले. बोरघाटातली गाडीची सडक १० नोव्हेंबर १८३० रोजी खुली झाली. खान्देशला जास्त महत्त्वाची होती ती मुंबई-आग्रा सडक : कसाऱ्याच्या थळघाटाने वर येऊन नाशिक, मालेगाव, धुळे, सोनगीर, शिरपूर आणि पुढे सेंधव्याचा घाट. दक्षिणेला चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट आजही औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे हे नाव.

घाटात एक नियम फार निष्ठुर असतो. सडक गुळगुळीत केली की घर्षण घटते, पण वजन घटत नाही. वीस मीटर चालताना एक मीटर चढायचे असेल, तर हजार किलोला पन्नास किलो जास्तीची ओढ लागते. मग वाट खडीची असो, डांबराची असो की रुळाची. त्यात बैलांना स्वतःचे आठशे किलोही वर न्यायचे असतात, त्याचे आणखी चाळीस. सपाट सडकेवर चाळीस किलो ओढणाऱ्या जोडीला घाटात दीडशेच्या आसपास बळ लावावे लागते. म्हणून घाटाच्या पायथ्याशी जादा जोडी मिळण्याची सोय असे, आणि म्हणून घाटाची वाट वळणे घेत लांबवली जाई. अंतर वाढवायचे आणि चढ कमी करायचा, हा सौदा बैलाच्या खांद्याला पाहून केलेला होता.

रूळ : जळगावचे नशीब, धुळ्याची वाट

१८६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खान्देशात आली : चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. १८६७ साली ती नागपूरला पोहोचली. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, म्हणजे हजार किलोला तीन ते पाच किलोची ओढ. उत्तम सडकेच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. पण घाटाचा नियम तिलाही चुकला नाही. थळघाटात सदतीस मीटरला एक मीटर चढ आहे, म्हणजे हजार किलोला सत्तावीस किलो. सपाटीच्या मानाने ओढ एकदम सहा-सात पट. कसारा ते इगतपुरी गाडीला मागून जादा इंजिने लावतात ती यामुळे. सपाटीवर घर्षणाला जिंकलेली रेल्वे घाटात मात्र बैलांसारखीच जादा जोडी मागते.

याच वर्षांत, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, भाव कडाडले आणि खान्देशच्या काळ्या जमिनीत कापूस पसरला. जळगावात बाजार वाढला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, १८७० च्या दशकात कापडगिरणी आली. कापूस हलका आणि फुगीर. गाडीत वजन भरण्याआधी जागाच संपते. स्टेशनाजवळ रुई दाबून गाठी बांधल्या, की त्याच डब्यात कितीतरी जास्त माल बसतो. ज्या गावाची इतिहासात फारशी नोंद नव्हती ते जळगाव १९०६ मध्ये खान्देशची फाळणी होताच पूर्व खान्देशचे ठाणे झाले.

धुळे हे जुने ठाणे मात्र रुळापासून दूर राहिले. चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला तो १९०० साली. तोवर जवळजवळ चाळीस वर्षे धुळ्याच्या मालाला चाळीसगावचे स्टेशन गाठायला सुमारे पंचावन्न किलोमीटर गाडीने जावे लागे. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या चालीने दोन-तीन मुक्काम. रुळाने जिथे बैलाला मोकळे केले असे आपण समजतो, तिथे त्याने बैलाचे काम फक्त बदलले. लांब पल्ल्याचा तांडा मोडला. त्याच्या जागी शेत ते स्टेशन अशी हजारो लहान वाटांची गाडीवाहतूक उभी राहिली. आणि या लहान वाटा म्हणजे नेमकी ती काळी माती, जिच्यावर ओढ सर्वांत जास्त.

या बदलाचा हिशेब सरकारने बरोबर केला. १८४७ च्या ज्या संयुक्त अहवालावर मुंबई इलाख्याची जमीन मोजणी उभी राहिली, त्यात गावांचे गट पाडताना हवामान आणि शेतीची रीत यांच्याबरोबर बाजाराची जवळीकही पाहायची होती. वाट सोपी, तर सारा जास्त. विंगेटची ही मोजणी खान्देशात आली तेव्हा, १८५२ साली, सावदा-फैजपूर आणि एरंडोल भागांत लोकांनी तिला उघड विरोध केला. पुढे दख्खनेत सारावाढ करताना सडका आणि रेल्वे झाल्या, बाजार जवळ आला, हे कारण वारंवार दिले गेले. म्हणजे मुख्य वाटेवरचे घर्षण कमी झाले त्याची किंमत शेतकऱ्याने साऱ्यात मोजली, आणि शेतापासून त्या वाटेपर्यंतचे घर्षण त्याच्याच बैलांकडे राहिले.

दुसरी धाव

मराठीत 'धाव' हा शब्द दोन ठिकाणी येतो. चाकावरची लोखंडी पट्टी ती धाव, आणि विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावर चालतात तीही धाव. दोन्ही शब्द बैलाच्या ओढीशी बांधलेले आहेत, पण दुसऱ्या धावेत कल्पकता जास्त आहे.

घाटात उतार-चढाचा नियम बैलाच्या विरोधात जातो. मोटेच्या धावेवर तो त्याच्या बाजूने वळवला आहे. भरलेली मोट वर येताना बैल उतरत असतात. सहा मीटरला एक मीटर उताराची धाव धरली, तर आठशे किलोच्या जोडीचे स्वतःचेच वजन सुमारे एकशे तीस किलोचे बळ पुरवते. दीडशे-पावणेदोनशे किलोची मोट उचलायचा बराच भाग तिथेच होतो. स्नायूंनी लावायचे थोडे उरते. पाणी थारोळ्यात पडले की रिकामी मोट घेऊन बैल पुन्हा विहिरीकडे चढतात. पाणी उपसण्याची खरी मजुरी ते या परतीच्या चढावर भरतात. निसर्गात काहीच फुकट मिळत नाही. पण एका दमात न देता ती किंमत दोन हप्त्यांत देता येते, आणि सवड असेल तेव्हा देता येते. ज्या कोणी पहिली धाव बांधली त्याला बैलाच्या खांद्याची कदर होती, असे मला वाटते.

कायद्यातली बेरीज

स्वतंत्र भारतात या बळांना कायद्यातही जागा मिळाली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांचे नियम झाले. मोठ्या बैलांच्या जोडीने दुचाकी गाडीत किती माल ओढावा? साध्या चाकांची गाडी असेल तर ९०० किलो, रबरी टायरची असेल तर १३५०, आणि आखाला बॉल बेअरिंग असेल तर १८००. एक किलोमीटर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त असेल, तर माल निम्मा. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान सदतीस अंशांपेक्षा जास्त असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपणी नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. हा शेवटचा नियम जणू आपल्याकडे पाहूनच केला असावा.

नियम चांगले आहेत, आणि त्यांत शास्त्र आहे. पण ते आकडे पुन्हा वाचा : ९००, १३५०, १८००. बेअरिंग बसवले, घर्षण घटले; लगेच माल दुप्पट. बैलाच्या खांद्यावरची ओढ? होती तेवढीच. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ साली कोळशाबद्दल असेच लिहिले होते : यंत्रे कमी कोळशात चालू लागली, म्हणून कोळसा कमी जळला नाही, उलट जास्त जळू लागला. आपल्या बैलाच्या बाबतीत हेच घडले. आऱ्यांचे चाक, खडीची सडक, डनलॉपचे टायर, बेअरिंग, प्रत्येक सुधारणेने किलोमागची ओढ घटली आणि प्रत्येक वेळी ती बचत जास्तीच्या किलोंत बदलून घेतली गेली. व्यापाऱ्याला जास्त माल मिळाला, सरकारला जास्त सारा मिळाला, गिऱ्हाइकाला स्वस्त कापड मिळाले. जोडीचे ऐंशी किलो तेवढेच राहिले. हा कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. गाडीभाडे मालाच्या वजनावर मिळते, बैलाच्या आरामावर नाही.

बेंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात देशातील बैलगाडीचा पद्धतशीर अभ्यास केला. इतके लोक आणि इतका माल ज्या साधनावर चालतो, त्याच्या जुवाकडे आणि आखाकडे एकही अभियंता पाहत नाही, ही त्यांची तक्रार होती. मानेवर घट्टे पाडणारे जू सुधारायला यंत्रशाळा लागत नाही. कडा गोल करणे आणि टेकणारा भाग रुंद करणे पुरते. तेवढेच बळ जास्त जागेवर पसरले की दाब कमी होतो, हे शाळेच्या पुस्तकात आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे खांदेमळणी होते. हळद आणि तूप लावून बैलाचा खांदा चोळतात. वर्षभर कोणत्या जागेने काय सोसले, हे शेतकऱ्याला नेमके ठाऊक असते, त्याचा हा पुरावा. पण वर्षातून एका संध्याकाळी कबूल केलेले देणे वर्षभराच्या भाड्याच्या हिशेबात उतरलेले नाही.

आता काय उरले

आता बैल कमी होत चालले आहेत. २०१९ च्या पशुगणनेतही ही घट दिसते. सालदार मिळत नाही, चारा महाग आणि ट्रॅक्टर भाड्याने सहज मिळतो. तेव्हा हा सारा हिशेब जुना झाला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण बैल गेला तरी काळी माती आहे तशीच आहे.

रावेर-यावलचा केळीवाला घ्या. महामार्गावर ट्रक आहे, सावद्याच्या स्टेशनात रेल्वे आहे, दिल्लीचा बाजार आहे. पण पावसाळ्यात बाग ते डांबरी सडक हे अर्धा-एक किलोमीटरचे अंतर आजही तेच आहे, जे तांड्याच्या काळी होते : हजार किलोला दीडशे-दोनशे किलोची ओढ. तिथे ट्रॅक्टरही रुततो, आणि मग घड माणसांच्या खांद्यावर येतात. बैल हटला तर जू माणसाच्या मानेवर चढते, एवढाच फरक. राज्यात २०२१ साली शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. तिच्याकडे मी रस्तेबांधणीची आणखी एक योजना म्हणून पाहत नाही. दोनशे वर्षांत मुख्य वाटांवरचे घर्षण आपण चाळीस-पन्नास पटींनी कमी केले. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचे तसेच ठेवले. बांधावरच्या भांडणापायी तहसील कचेरीत अडकलेली एक पाणंद मोकळी करून तिच्यावर मुरूम पडला, तर त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक किलोमागची ओढ तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. दुसरे कोणतेही यंत्र एवढ्या पैशांत एवढे काम करत नाही.

खांद्यावरचा भार कमी करायचा तर दोनच उपाय आहेत : माल कमी घ्यायचा किंवा वाट सुधारायची. पहिला बाजाराला कधी मानवला नाही. दुसरा आपण सडकेसाठी केला, घाटासाठी केला, रुळासाठी केला. शेतासाठी तो अजून करायचा आहे.